ओन्सेन र्‍योकानमध्ये बिनजेवणाचा मुक्काम कसा करावा

जपानमधल्या ओन्सेनांवरच्या (गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या) पारंपरिक सरायांत, म्हणजे र्‍योकानांत रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता सहसा भाड्यातच धरलेला असतो. शाकाहारी माणसाला त्याचा फारसा उपयोग नाही. ताटातला मासा काढला तरी सूप आणि शिजवलेल्या भाज्यांत दाशी (उकळून काढलेला अर्क) असते, आणि ती बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाची. म्हणून बिनजेवणाची खोली घ्यावी. बुकिंग करताना 'सुदोमारी' हा पर्याय निवडायचा. भाडं माणशी असतं. ओन्सेनचा कर बहुतेक गावांत माणशी रोजचा १५० येन. तो बऱ्याचदा वेगळा भरावा लागतो.

खरी गोम रात्रीच्या जेवणात आहे. "बाहेर काहीतरी मिळेलच" हा सल्ला देणारे तोक्यो-ओसाकातच राहिलेले असतात. ओन्सेनच्या गावात मुक्कामाचे पाहुणे सहा-सातला आपापल्या र्‍योकानात जेवायला बसतात, त्यामुळे बाहेरची बरीचशी हॉटेलं दुपारच्या गिऱ्हाइकावर चालतात आणि संध्याकाळी कुलूप लावतात. जी उघडी राहतात त्यांची शेवटची ऑर्डरही लवकर असते. साडेसातला आंघोळ उरकून, भूक लागली म्हणून बाहेर पडाल तर फक्त दिवे दिसतील.

म्हणून आधी गाव निवडा, र्‍योकान नंतर. किनोसाकीला सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत, मुक्कामी पाहुण्यांना त्यांचा पास मिळतो आणि लोक युकाता (सुती किमोनो) घालून संध्याकाळी रस्त्यावर हिंडत असतात. असं गाव चालेल. डोंगरात एकटंच उभं असलेलं र्‍योकान, फोटो कितीही देखणा असो, बिनजेवणाचं घेऊ नका. मला विचाराल तर बेप्पू शहरातल्या कान्नावाला जा. तिथल्या काही मुक्कामाच्या ठिकाणी जमिनीतून येणाऱ्या वाफेवर चालणाऱ्या चुली असतात. रताळी, कणसं, कोबी, अंडी आपली आपण वाफवून घ्यायची. दाशीचा प्रश्नच संपला.

बाकीच्या गावांसाठी जेवण वाटेतच घ्या, आणि तेही शेवटच्या छोट्या स्टेशनवर नाही, गाडी बदलता त्या मोठ्या स्टेशनवर. उमेबोशीची ओनिगिरी (आंबट खारवलेलं फळ घातलेला भाताचा गोळा) बघून खूश होऊ नका. घटकांच्या यादीचा फोटो काढून भाषांतर वाचा आणि 'कात्सुओ' (बोनितो मासा) दिसला तर ठेवून द्या. घरून गरम पाणी ओतून होणारे पोहे किंवा उपम्याची पाकिटं नेलीत तर उत्तम, कारण खोलीत बहुधा चहासाठी किटली असते. पण बाहेरचं खाणं खोलीत चालतं का, हे बुकिंगनंतर ईमेलने विचारा. दरवाजा रात्री किती वाजता बंद होतो, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या. आणि लसणाची चटणी तातामीवर (खोलीतल्या गवती चटईवर) बसून उघडू नका, वास तिथून लवकर जात नाही.

बाकी सगळं सोपं. टबात उतरण्याआधी बसून अंग स्वच्छ धुवा, कपडे घालून उतरू नका, छोटा टॉवेल पाण्याबाहेर ठेवा. पुरुष-बायकांच्या बाजू रात्रीत बदलू शकतात, सकाळी दारावरचा पडदा बघूनच आत जा. बॅगेची चाकं तातामीवर नकोत. फुतोन (जमिनीवर घालायची गादी) कधी कधी आपल्यालाच अंथरावा लागतो, तो कपाटात असतो. सकाळी दहाला खोली सोडायची असेल तर दहा म्हणजे दहाच.