आप्पांची पेटी

यावलला आमच्या घरी कागद म्हणजे आप्पांची पत्र्याची पेटी. सातबारे, केळीच्या काट्याच्या पावत्या, लाइटबिलं, सगळं रबर लावून कोंबलेलं. मे महिन्यात विहिरीवरची मोटर जळाली. वॉरंटीसाठी बिल शोधलं, तर हाती आला कोरा कागद! ती पावती थर्मल कागदाची. त्यावर शाई नसतेच. उष्णतेनं अक्षरं उमटतात आणि उन्हाळ्यात ठेवली की उडूनही जातात. त्यात आमचा खानदेशी उन्हाळा, वर पत्रे. रबरंही वितळून खरेदीखताला चिकटलेली.

दोन दुपारी ओट्यावर बसून निवडत होतो. निम्मी पेटी सातबाऱ्याच्या जुन्या झेरॉक्सांनीच भरलेली. डिजिटल सहीचा ताजा उतारा महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो, म्हणून त्या काढल्या. खरेदीखत, फेरफार, वाटणीपत्र मात्र जपले. गंजक्या टाचण्या उपसून सुती नाडीनं बांधले. आता चार फायली: शेत, बँक, दवाखाना, घर. थर्मल पावती आली की त्याच दिवशी झेरॉक्स.

आप्पा कुरकुरले. टाकायच्या ढिगातून त्यांनी कापूस विकल्याची एक जुनी पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, उचलली अन् बंडीच्या खिशात घातली. ती मी मागितली नाही.