एचएसकेची चौथी पातळी : ध्वनिफीत एकदाच वाजते

चिनी भाषेच्या एचएसके परीक्षेत तिसऱ्या पातळीला 300 पैकी 251 गुण मिळाल्यावर, चौथी पातळी म्हणजे 600 ऐवजी 1200 शब्द, एवढाच फरक, अशी माझी समजूत झाली होती. पहिल्या प्रयत्नात मला 174 गुण मिळाले. उत्तीर्ण होण्यासाठी 180 लागतात. (ही 2010 पासूनची सहा पातळ्यांची रचना. 2021 मध्ये नऊ पातळ्यांचे नवे निकष लागू झाले असल्याने पुस्तक घेण्यापूर्वी ते कोणत्या रचनेचे आहे, ते पाहावे.)

तिसऱ्या पातळीपर्यंत श्रवणाचा प्रत्येक प्रश्न दोनदा ऐकवतात, चौथीपासून एकदाच. हा नियम मी वाचला होता. तरीही सराव करताना न कळलेले वाक्य मी मागे नेऊन पुन्हा ऐकत असे आणि दुसऱ्या खेपेस कळले की ते आपल्याला येते असे धरून चालत असे. परीक्षेत बाराव्या प्रश्नातल्या एका शब्दाशी मी अडखळले, तो आठवत बसले आणि भानावर आले तेव्हा चौदावा संपत आला होता. तेथून पुढे घडी बसलीच नाही. श्रवणात 100 पैकी 43. म्हणून बजावून सांगते : सरावात थांबवण्याचे बटण दाबूच नका. अर्ध्या तासाची फीत सलग ऐका, हुकलेल्या प्रश्नाला सुचेल ते उत्तर देऊन पुढचे पर्याय वाचायला घ्या, आणि चुका सगळे संपल्यावर तपासा.

आमचे एक शिक्षक म्हणत, ‘यादी पाठ करा, काम झाले.’ यादीने काम होत नाही. ‘पन्लाय’ म्हणजे ‘मुळात’, हे मला झोपेतही सांगता आले असते. पण बोलणारा ‘मुळात विमानाने जायचे ठरवले होते’ असे म्हणतो, तेव्हा तो विमानाने गेला नाही, हे त्या एका शब्दातच आलेले असते. ज्याने फक्त ‘विमान’ टिपले, तो ‘तो विमानाने गेला’ या विधानापुढे बरोबरची खूण करून मोकळा होतो. मी तेच केले.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही, कारण उच्चारांत मराठी माणसाला बरेच आयते मिळते. पिनयिनमधला, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीतला, ‘झेड’ म्हणजे आपल्या ‘चाका’तला च आणि ‘जे’ म्हणजे ‘चार’मधला च, हा भेद आपण लहानपणापासून करत आलो आहोत. शब्दाचा अर्थ बदलणाऱ्या सुरांचे कष्ट मात्र कोणालाच चुकत नाहीत.

अर्ज भरताना संगणकावरची परीक्षा घेतल्यास पिनयिन टंकून अक्षर निवडता येते. कागदावर ते हाताने लिहावे लागते. बोलण्याची परीक्षा, एचएसकेके, वेगळी असते. चिनी विद्यापीठात प्रवेशासाठी गुण दोनच वर्षे ग्राह्य धरतात, त्यामुळे फार आधी देऊन ठेवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या वेळी मी श्रवणातले चार प्रश्न जाणूनबुजून सोडून दिले, आणि त्याच भागात 71 गुण आले.