हार्ड फोर्कआधी नोड आणि कॉन्ट्रॅक्ट कसे तयार ठेवायचे: नागपूरच्या इथेरियमवाल्यांसाठी

इथेरियम या ब्लॉकचेनचं नवं अपग्रेड, म्हणजे हार्ड फोर्क (ठरलेल्या क्षणापासून लागू होणारे नवे नियम), कुणी बाहेरून येऊन आपल्या मशीनवर टाकून देत नाही. क्लायंट, म्हणजे नेटवर्कला जोडणारं सॉफ्टवेअर, बनवणाऱ्या टीम नवी आवृत्ती काढतात, वेळ जाहीर होते, आणि ती आवृत्ती घ्यायची की नाही हे ज्याचा नोड (ते सॉफ्टवेअर चालवणारं मशीन) तो ठरवतो. जुनी आवृत्ती तशीच राहिली तर ठरलेल्या वेळेनंतर नोड चालू दिसतो, पण ब्लॉक पुढे सरकत नाही आणि पीअर (जोडलेले इतर नोड) एकेक करून गळतात. हे त्या रात्री लक्षात आलं तर उशीर झालेला असतो, म्हणून बहुतेक काम आधीच्या दोन-तीन आठवड्यांत उरकावं लागतं.

सगळ्यात आधी वेळ नीट लिहून घ्या. फुसाका हे अपग्रेड लागू झालं ३ डिसेंबर २०२५ ला, २१:४९:११ यूटीसी. त्यात साडेपाच तास मिळवले की आपल्याकडे ४ डिसेंबरची पहाट होते, ३ वाजून १९ मिनिटं ११ सेकंद. ग्रुपवर नुसतं ‘तीन तारखेला आहे’ एवढंच फिरलं, तर निम्मी मंडळी एक रात्र आधी जागतात आणि खऱ्या वेळी झोपलेली असतात. त्याआधीचं पेक्ट्रा ७ मे २०२५ ला दुपारी ३:३५ वाजता आलं, म्हणजे भर उन्हात. वेळ स्लॉटवर बांधलेली असते (फुसाकाचा स्लॉट १३१६४५४४), एक स्लॉट १२ सेकंदांचा आणि ३२ स्लॉटचा एक इपॉक, म्हणून ती सेकंदापर्यंत पक्की असते.

मशीन

एक्झिक्युशन क्लायंट (व्यवहार चालवणारा) आणि कन्सेन्सस क्लायंट (कुठला ब्लॉक धरायचा हे ठरवणारा) अशी जोडी चालवायची असते, उदाहरणार्थ गेथ आणि लाइटहाऊस. ३२ जीबी रॅम आणि एनव्हीएमई ड्राइव्ह धरा. २ टीबीत भागतं पण जागा लवकर संपते, नवी घेणार असाल तर ४ टीबीच घ्या. डीरॅम नसलेली स्वस्त क्यूएलसी ड्राइव्ह घेऊ नका. कॉपी करताना ती वेगवान वाटते, पण सतत होणाऱ्या बारीक लेखनात दम तोडते आणि नोड चेनच्या मागे मागेच राहतो. जागा अडली असेल तर क्लायंट बंद करून मर्जच्या (इथेरियमने मायनिंग सोडलं त्या बदलाच्या) आधीचा, म्हणजे सप्टेंबर २०२२ पूर्वीचा इतिहास छाटता येतो, त्यातून ३०० ते ५०० जीबी मोकळे होतात. हे काम अपग्रेडच्या आठवड्यात करू नका, आधीच करा.

नवतपात पारा ४५ च्या वर गेला की ड्राइव्ह तापून स्वतःचा वेग कमी करते. हीटसिंक लावा आणि दुपारी दोन ते पाच या वेळात स्मार्टसीटीएल या कमांडने तापमान बघत राहा. मशीन कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ती हवा ओली असते आणि सोबत क्षारयुक्त पाण्याचे कण आणि धूळ आणते. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरचं बटण यूपीएस मोडवर आहे ना ते बघा. साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर पंखा टिकतो, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. फायबरचा डबा आणि राउटरही त्याच लाइनवर घ्या. नेटवाल्याने सामायिक आयपी दिला असेल तर बाहेरचे पीअर तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीत, त्यासाठी स्टॅटिक आयपी मागा.

आवृत्ती बदलताना

दोन्ही क्लायंट बदलायचे असतात. एक नवा आणि एक जुना ठेवला की फोर्कपर्यंत सगळं सुरळीत दिसतं आणि नेमकं त्या स्लॉटला अडकतं, कारण दोघं ज्या इंजिन एपीआयने बोलतात त्याच्या नव्या पद्धती जुन्याला माहीत नसतात. रिलीज नोट पूर्ण वाचा, कुठला फ्लॅग काढून टाकला आहे ते बघा, डाउनलोड केलेल्या फाइलची सही आणि चेकसम तपासा. मग आधी व्हॅलिडेटर (ईथर गहाण ठेवून ब्लॉकवर सह्या करणारा प्रोग्राम), नंतर बीकन नोड (कन्सेन्सस क्लायंट), शेवटी गेथ या क्रमाने थांबवा. गेथला मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवायला वेळ लागतो. लिनक्सच्या सेवा सांभाळणारं सिस्टमडी मुळात ९० सेकंद थांबतं आणि मग प्रोसेस मारून टाकतं, ती मर्यादा ३०० सेकंदांवर न्या. अर्धवट मारलेला गेथ मागचे ब्लॉक पुन्हा मोजत बसतो. सुरू करताना क्रम उलटा.

व्हॅलिडेटर चालवत असाल तर एक नियम पक्का पाळा: अपग्रेड होईपर्यंत म्हणून व्हॅलिडेटरची तीच की (सही करायची चावी) दुसऱ्या मशीनवर चालू करू नका. काही तास नोड बंद राहिला तर साधारण तेवढ्या वेळच्या कमाईइतकंच नुकसान होतं. एकाच कीने एकाच वेळच्या कामासाठी दोन वेगळ्या सह्या केल्या तर स्लॅशिंग होतं आणि व्हॅलिडेटर बाहेर फेकला जातो.

हे सगळं आधी टेस्टनेटवर (सरावाच्या नेटवर्कवर) करून बघा. २४ फेब्रुवारी २०२५ ला होलेस्की टेस्टनेटवर पेक्ट्रा सुरू झालं तेव्हा गेथ, नेदरमाइंड आणि बेसू या तिन्ही एक्झिक्युशन क्लायंटमध्ये त्या टेस्टनेटच्या डिपॉझिट कॉन्ट्रॅक्टचा पत्ता चुकीचा बसला होता. तिघांनी मिळून चुकीचा ब्लॉक बरोबर ठरवला, बहुसंख्य व्हॅलिडेटरांनी त्यावर सह्या केल्या, आणि मग बरोबर फांदीवर परत येणं अवघड झालं, कारण स्लॅशिंगपासून वाचवणारं संरक्षणच नवी सही करू देत नव्हतं. फायनॅलिटी, म्हणजे ब्लॉक कायमचे पक्के होणं, परत आली १० मार्चला. मेननेटवर (खऱ्या नेटवर्कवर) हे होऊ नये म्हणूनच टेस्टनेट असतात, आणि तिथे जितके जास्त वेगवेगळे नोड, तितकी चूक लवकर दिसते. व्हॅलिडेटरच्या सरावासाठी आता होलेस्कीच्या जागी हूडी आहे, १७ मार्च २०२५ पासून. ॲपसाठी सेपोलिया वापरा. ग्रुपमध्ये दोन नोड असतील तर दोघांची जोडी मुद्दाम वेगळी ठेवा: एकाकडे गेथ-लाइटहाऊस, दुसऱ्याकडे नेदरमाइंड-टेकू.

कॉन्ट्रॅक्ट लिहिणाऱ्यांनी काय तपासायचं

नोडवाल्यांची तयारी होते, पण कॉन्ट्रॅक्ट (चेनवर चालणारे प्रोग्राम) लिहिणाऱ्यांना कुणी सांगतच नाही. पेक्ट्रापासून साध्या खात्यालाही कोड जोडता येतो. ‘पत्त्यावर कोडची लांबी शून्य, म्हणजे समोर माणूस आहे’ अशी अट कुठे लिहिली असेल तर ती आता भरवशाची नाही. मूळ प्रेषक आणि थेट प्रेषक एकच आहेत का, हे बघून रीएंट्रन्सी (काम पुरं होण्याआधी पुन्हा आत शिरणारा कॉल) अडवणारी अटही गेली, तिथे खरा गार्ड लावा. फुसाकाने एका व्यवहाराच्या गॅसला (कामाच्या मापाला) १,६७,७७,२१६ ही कमाल मर्यादा घातली. एअरड्रॉपची (टोकन वाटपाची) स्क्रिप्ट एका व्यवहारात शेकडो पत्ते कोंबत असेल किंवा गॅस लिमिट सवयीने ३ कोटी लिहिलेली असेल, तर तो व्यवहार नोड घेतच नाही. तुकडे करा.

तिसरी अडचण कॉलेजच्या प्रोजेक्टात नेहमी दिसते. सॉलिडिटी या कॉन्ट्रॅक्टच्या भाषेत ०.८.२० पासून कंपायलर मुळातच शांघाय या अपग्रेडचे नियम धरतो, ०.८.२५ पासून कॅनकूनचे, ०.८.३० पासून प्रागचे. डिप्लॉय करायची चेन तेवढी अपग्रेड झालेली नसेल तर ‘इनव्हॅलिड ओपकोड’ (अनोळखी सूचना) येतं आणि पोरं आपल्याच कोडमध्ये चूक शोधत रात्र काढतात. कॉन्फिग फाइलमध्ये ईव्हीएमची (कॉन्ट्रॅक्ट चालवणाऱ्या आभासी यंत्राची) आवृत्ती स्वतः लिहा. फाउंड्री या टूलमधल्या ॲन्विलला (आपल्या मशीनवरच्या चाचणी-नोडला) फोर्कचं नाव आणि मेननेटचा आरपीसी पत्ता दिला की येणाऱ्या नियमांवर आजच्याच डेटासह टेस्ट चालवता येतात. ही एक टेस्ट सगळ्या ग्रुपने फोर्कच्या दोन आठवडे आधी चालवलीच पाहिजे.

त्या दिवशी

फोर्कच्या अर्धा तास आधी दोन्ही क्लायंट सिंक आहेत आणि पीअर पुरेसे आहेत हे बघा. नंतर तीन गोष्टी: हेड (सगळ्यात नवा) स्लॉट वाढतोय का, साधारण १३ ते २० मिनिटांत फायनलाइझ झालेला इपॉक फोर्कच्या पुढे गेला का, आणि तुमच्या ब्लॉकचा हॅश दुसऱ्या क्लायंट-जोडीच्या नोडशी जुळतो का. हॅश जुळत नसेल तर घाईने डेटाबेस पुसू नका. क्लायंटच्या टीमची सूचना येईपर्यंत व्हॅलिडेटर तेवढा थांबवा.

ग्रुप

कोअर डेव्हलपरांची बैठक दर गुरुवारी १४:०० यूटीसीला, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेसातला असते. एका आठवड्यात एक्झिक्युशन, पुढच्या आठवड्यात कन्सेन्सस. ती सगळ्यांना थेट बघता येते. व्हीएनआयटी, ट्रिपल आयटी किंवा कुठल्याही कॉलेजचा क्लब वर्ग संपल्यावर एकत्र बसून ती बघू शकतो. एकाने दहा ओळी मराठीत लिहायच्या: काय बदलतंय, कुणाचं काय मोडेल, कुणी काय करायचं.

विद्यार्थ्यांसाठी सामायिक नोड ठेवत असाल तर ८५४५ (आरपीसी) पोर्ट इंटरनेटवर उघडा सोडू नका. पुढे रिव्हर्स प्रॉक्सी, प्रत्येकाला वेगळी की, आणि सेकंदाला किती विनंत्या याची मर्यादा. ८५५१ (इंजिन एपीआय) फक्त मशीनच्या आतच. बाहेरून फक्त ३०३०३ आणि ९००० उघडे, दोन्ही टीसीपी आणि यूडीपीवर, शिवाय लाइटहाऊसच्या क्विक प्रोटोकॉलसाठी ९००१ यूडीपी.

काही मोडलेलं सापडलं तर गिटहबवर इश्यू टाका. त्यात दोन्ही क्लायंटची नेमकी आवृत्ती, नेटवर्क, अडकलेल्या ब्लॉकचा किंवा स्लॉटचा नंबर, सुरू करताना दिलेले सगळे फ्लॅग, आणि चुकीच्या आधीच्या-नंतरच्या दोनशे ओळींचा लॉग द्या. लॉग मजकूर म्हणून चिकटवा, स्क्रीनशॉट नको, कारण त्यात शोधता येत नाही. जेडब्ल्यूटी सीक्रेट (दोन क्लायंटमधली गुप्त की) आणि आयपी पत्ता आधी पुसा. तीच चूक दुसऱ्या मशीनवर पुन्हा घडवून दाखवता आली तर तेही लिहा. अशा इश्यूवर उत्तर लवकर मिळतं, आणि नव्या मुलांसाठी ओपन सोर्समधलं पहिलं काम म्हणून याहून चांगली जागा नाही.