‘परवा दूध नको’ : गिऱ्हाईकाचं बोलणं एजंटच्या बरोबर टूलपर्यंत कसं पोचवावं

दुधाचा रतीब घालणाऱ्या व्यवसायासाठी एआय एजंट, म्हणजे मेसेज वाचून पुढचं काम स्वतः ठरवणारा प्रोग्राम, बनवायचा आहे असं धरू. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर लिहिणार. त्याला काय हवंय ते ओळखून एजंटने चारपैकी एक टूल (एकेक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) निवडायचं: खाडा_नोंदवा, लिटर_बदला, बिल_दाखवा, तक्रार_नोंदवा. (इथे वाचायला सोपं म्हणून नावं देवनागरीत लिहिली आहेत. बऱ्याच एपीआयमध्ये (आपल्या कोडमधून एआय मॉडेल वापरायची सोय) टूलच्या नावात रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि हायफन एवढंच चालतं. वर्णन मात्र मराठीत देता येतं.)

एजंटच्या आतलं भाषेचं मॉडेल स्वतः टूल चालवत नाही, हे आधी पक्कं समजून घ्या. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग आणलं, तेव्हापासून रुळलेली रीत अशी: टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा (कुठले रकाने, त्यात काय भरायचं याचा आराखडा) आपण द्यायचा, मॉडेल त्यातलं एक नाव निवडून इनपुट भरून परत देतं, आणि चालवायचं काम आपला कोड करतो. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल) या सामायिक नियमावलीमुळे टूल जोडायची पद्धत एकसारखी झाली, पण कुठलं टूल निवडायचं हा प्रश्न उरतोच. तिथे मॉडेलला आधार असतो तो तुम्ही लिहिलेल्या शब्दांचा.

म्हणून सुरुवात कोडने करू नका. खरे मेसेज गोळा करा. परवानगी घेऊन, नावं आणि नंबर काढून शंभर-दीडशे मेसेज एका शीटमध्ये उतरवा आणि प्रत्येकासमोर बरोबर टूल हाताने लिहा. या कामाला एक दुपार जाते, पण लोक खरंच कसे बोलतात ते इथेच कळतं. ‘आम्ही गावी चाललोय, सोमवारी येऊ’ या वाक्यात ना ‘दूध’ आहे ना ‘नको’, तरी तो खाडाच. ‘पाहुणे आलेत, एक वाढवा’ म्हणजे लिटर_बदला. रोमन अक्षरांत लिहिलेली मराठीही शीटमध्ये असू द्या.

मग वर्णनं लिहा. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. ‘खाडा_नोंदवा: दूध थांबवतो’ एवढ्यावर भागत नाही. असं लिहा:

‘गिऱ्हाईकाला पुढच्या एका किंवा अधिक दिवशी दूध नको असेल तेव्हा वापरा. गावी जाणार, घर बंद राहणार, एवढंच सांगितलं असलं तरी हेच टूल. होऊन गेलेल्या दिवसाबद्दल बोलत असतील तर वापरू नका, तिथे तक्रार_नोंदवा. रतीब कायमचा बंद करायचा असेल तरी वापरू नका.’

यातली ‘वापरू नका’ची दोन वाक्यं सगळ्यात मोलाची आहेत. कारण ही जोडी पाहा: ‘परवा दूध आलं नाही’ आणि ‘परवा दूध नको’. मराठीतला ‘परवा’ मागे जातो तसा पुढेही जातो. पहिलं वाक्य तक्रार, दुसरं खाडा, आणि सगळा निवाडा क्रियापदावर.

आता इनपुट. मॉडेलकडे घड्याळ नसतं, त्यामुळे प्रत्येक विनंतीबरोबर आजची तारीख आणि वार पाठवा. ‘सोमवारपर्यंत नको’ यात सोमवार धरायचा की नाही, यावर घराघरांत मतभेद असतो. म्हणून स्कीमात ‘पर्यंत’ नावाचा रकानाच ठेवू नका. ‘पहिला खाडा’ आणि ‘दूध पुन्हा सुरू’ असे दोन रकाने ठेवा. लिटरसाठी अर्ध्याच्या पटीतले आकडेच स्वीकारा. ‘दीड’ आणि ‘अडीच’ बसतात, ‘पाऊण’ आलं तर परत विचारायचं.

विचारणं हेसुद्धा एक टूल म्हणून द्या. चारच दारं उघडी ठेवलीत तर मॉडेल प्रत्येक मेसेज त्यातल्याच एका दारातून आत ढकलण्याची शक्यता मोठी. ‘दोन लिटर पाठवू का?’ यावर ‘राहू दे’ म्हणजे नको. ‘एक लिटर करू का?’ यावर ‘दोनच राहू दे’ म्हणजे आहे तसंच चालू ठेवा. म्हणून आधीचे चार-पाच मेसेजही सोबत पाठवा, आणि तरीही उलगडा झाला नाही तर एकच सरळ प्रश्न विचारायला लावा.

चुकून बिल दाखवलं तर कुणाचं काही जात नाही. चुकून खाडा पडला तर लहान मूल असलेल्या घरात सकाळी दूध नसतं. त्यामुळे नोंद बदलणाऱ्या प्रत्येक टूलआधी कोडमधूनच खात्री करून घ्या: ‘शुक्रवार १४ आणि शनिवार १५ दूध नाही, रविवारपासून सुरू. बरोबर?’ हे काम मॉडेलच्या मर्जीवर सोडू नका.

टूल्स वाढली की सगळी एकदम देऊ नका. ओपनएआयचंही सुचवणं एका वेळी वीसपेक्षा कमी ठेवा असंच आहे. एम्बेडिंगने (वाक्यांचे आकडे करून त्यांचा सारखेपणा मोजायची पद्धत) मेसेजला जवळची पाच-सहा निवडून तेवढीच मॉडेलपुढे ठेवता येतात. पण अंतिम निवड एम्बेडिंगवर सोपवू नका. वरची ‘परवा’ची जोडी शब्दांनी इतकी सारखी आहे की तिथे ती दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी बसू शकतात.

शेवटी शीटमधले सगळे मेसेज एजंटमधून काढा. एकूण किती बरोबर आले यापेक्षा कुठलं टूल कुठल्या टूलच्या जागी निवडलं गेलं, त्याचा तक्ता मांडा. खाड्याच्या जागी तक्रार वारंवार येत असेल तर त्या दोघांची वर्णनं समोरासमोर ठेवून वाचा. एक वाक्य बदललंत तरी पूर्ण शीट पुन्हा चालवा, कारण एक चूक सुधारणारं वाक्य दुसरीकडे नवी चूक करू शकतं. एजंट सुरू झाल्यावर गिऱ्हाईकाचा जो मेसेज फसेल, तो त्याच दिवशी शीटमध्ये घाला.