डिझाइनच्या कामाला लागताय? सॉफ्टवेअर कुठे अडतं ते आधी पाहा

प्रिंटिंगच्या लाइनीत नवीन आलेल्या मुलामुलींना टूल्स बहुतेक सगळी येत असतात. क्लासमध्ये तेवढं नीट शिकवतात. मी मात्र त्यांना सुरुवातीलाच विचारते, ‘फोटोशॉपला काय जमत नाही, ते सांग.’ इथे बरेच जण गप्प होतात.

सुरुवात आपल्या लिपीपासून. फोटोशॉपमध्ये युनिकोड फॉन्टमध्ये (म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसेल अशा फॉन्टमध्ये) ‘विद्यार्थी’ टाइप करून बघा. ‘वि’ची वेलांटी ‘व’च्या नंतर, उजवीकडे जाऊन बसली, ‘द्य’ फुटला, रफार भलत्याच जागी गेला, तर चूक बहुधा फॉन्टची नसते. फोटोशॉप 2022 च्या आधीचं व्हर्जन असेल, तर टाइपच्या प्रेफरन्समध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचं टेक्स्ट इंजिन (अक्षरं जुळवणारा भाग) निवडा आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू करा. एवढं करूनही अक्षरं तुटत असतील, तर पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. फार जुन्या व्हर्जनमध्ये ही सोयच नव्हती. श्रीलिपीसारखे युनिकोड नसलेले फॉन्ट डीटीपीवाल्यांच्या हाडीमाशी खिळले, त्याचं हे एक मोठं कारण. पण तो मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. दुसऱ्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर तिथेही तेच. म्हणून प्रेसला फाइल देताना कोरलड्रॉमध्ये कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून द्या. त्याआधी प्रूफ गिऱ्हाइकाकडून वाचून घ्या, कारण कर्व्ह केल्यावर साधा अनुस्वारही टाइप करून बदलता येत नाही. मजकूर तसाच राखलेली एक प्रत जवळ असू द्या.

दुसरी अडचण रंगांची. स्क्रीनवरचा झळझळीत भगवा चार रंगांच्या छपाईत हमखास मंद पडतो. स्क्रीन प्रकाशातून रंग दाखवते, छपाई शाईतून, आणि तेवढा तेजस्वी नारिंगी सीएमवायके, म्हणजे निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईत बसतच नाही. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-वाय दाबलं की छपाईत न बसणारे भाग राखाडी दिसतात. गिऱ्हाइकाला रंग दाखवण्याआधी हे करा. तोच भगवा हवा असेल, तर वेगळी स्पॉट शाई (त्या रंगाची तयार शाई) लागेल आणि खर्च वाढेल, हे त्याला कामाआधीच सांगायचं.

फोटोच्या बाबतीत साधा हिशेब ठेवा. 1200 पिक्सेल रुंदीचा फोटो 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, जेमतेम 4 इंच छापला जातो. तो ओढून मोठा केला तर मूळ तपशील परत येत नाहीत. सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजाने भरतं. एआयने चेहरा स्वच्छ दिसेल, पण लग्नपत्रिकेवर आजोबांचा चेहरा अंदाजाने भरलेला असावा, हे मला पटत नाही. अशा वेळी घरातला मूळ फोटो मागवून स्कॅन करते.

होर्डिंगचं गणित उलट असतं. 40 फूट रुंदी 72 डीपीआयला धरली तर 34,560 पिक्सेल होतात, आणि फोटोशॉपच्या नेहमीच्या पीएसडी फाइलची मर्यादा 30,000 ची आहे. मोठ्या फाइलींसाठीच्या पीएसबीमध्ये सेव्ह करता येतं, पण इतक्या लांबून बघायच्या बोर्डाला 72 लागतच नाही. 30 ठेवा, 14,400 पिक्सेलमध्ये काम होतं. अक्षरं आणि लोगो मात्र कोरलड्रॉमध्ये व्हेक्टरच (कितीही मोठं केलं तरी न फाटणारं) ठेवा.