पहिल्या प्रॅक्टिकलच्या आधी

प्रोग्रामिंगचा कोर्स सुरू व्हायला आठवडा उरला की बरेच जण भाषेचं जाडजूड पुस्तक उघडून बसतात. ते राहू द्या. आधी कोर्सची माहितीपत्रिका शेवटपर्यंत वाचा आणि भाषा कोणती, आवृत्ती कोणती, परीक्षा कागदावर की मशिनवर, एवढं वहीत उतरवून घ्या. आवृत्ती किरकोळ वाटते, पण ७ / २ चं उत्तर पायथन २ मध्ये ३ येतं आणि २००८ साली आलेल्या पायथन ३ मध्ये ३.५. जुनं उदाहरण उतरवायचं आणि उत्तर जुळलं नाही की स्वतःच्या डोक्याला दोष द्यायचा, हे कशाला?

लॅपटॉप महागडा नको. सुरुवातीचे प्रोग्राम इतके छोटे असतात की जुन्या मशिनवरही पळतात. मात्र त्याचा ॲडमिन पासवर्ड तुमच्याकडे हवा, नाहीतर बऱ्याच गोष्टी इन्स्टॉल होणार नाहीत. कंपायलर किंवा इंटरप्रिटर, म्हणजे तुमचा कोड मशिनला समजावून चालवणारं सॉफ्टवेअर, घरीच टाका. विंडोजवर पायथन टाकताना 'पाथ'ची (प्रोग्राम कुठे शोधायचा ते सांगणाऱ्या यादीची) चौकट दिसली, तर तिथे टिक करा. ती राहिली की टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, 'असा कमांडच नाही' म्हणून हात वर करतं. इन्स्टॉल झालं म्हणजे चालतंच असं नाही. नाव विचारून ते परत छापणारा दोन ओळींचा प्रोग्राम टर्मिनलवरून चालवून बघा, मगच या कामावर काट मारा.

कोर्ससाठी वेगळा फोल्डर करा, नावात मोकळी जागा सोडू नका आणि फाइलच्या नावाची शेपटी (एक्स्टेन्शन) दिसेल अशी सेटिंग करून ठेवा. विंडोज ती लपवतं, त्यामुळे नोटपॅडने गुपचूप 'टीएक्सटी' जोडलेलं कळतच नाही. माझा पहिला अख्खा तास या शेपटीपायी गेला. टर्मिनलमध्ये आपण कुठे आहोत, इथे काय आहे, आत जा, बाहेर ये, एवढे चार कमांड हाताला बसले तरी पुरे. कोडच्या जुन्या प्रती जपणारं गिट जमलं तर उत्तम. नाही जमलं तर रोज तारीख घालून एक प्रत बाजूला ठेवा. 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशी नावं मात्र नकोत.

गणिताची धास्ती घेऊ नका. बाकी काढणं, दोनाचे घात, 'आणि-किंवा'चा विचार, एवढ्यावर सुरुवात होते. ०.१ + ०.२ पायथनमध्ये करून बघा, ०.३०००००००००००००००४ दिसेल. एक तृतीयांश जसा दशांशात संपत नाही, तसा ०.१ मशिनच्या द्विमानात (फक्त ० आणि १ च्या पद्धतीत) संपत नाही, म्हणून हे होतं. मशिन बिघडलेलं नाही.

खरी तयारी एरर वाचायची. मुद्दाम कंस गाळा, नाव चुकवा आणि मशिन काय बोलतं ते पाहा. पायथनमध्ये खालून वर वाचायचं: शेवटच्या ओळीत काय बिनसलं ते, तिच्या वर कुठे ते. सी भाषेत उलट. एक अर्धविराम राहिला तरी एररची रांग लागू शकते, म्हणून पहिली दुरुस्त करून परत कंपाइल करायचं. दाखवलेली ओळ निर्दोष असेल तर तिच्या वरची तपासा.

एक रफ वही हवीच. लूपच्या (परत परत चालणाऱ्या ओळींच्या) प्रत्येक फेरीला कुठल्या व्हेरिएबलमध्ये (किंमत ठेवायच्या नावात) काय आहे, याचा तक्ता हाताने मांडायची सवय लावा. कागदावरच्या परीक्षेत हीच उपयोगी पडते. उदाहरणं कॉपी-पेस्ट न करता टाइप करा, म्हणजे महिरपी कंस शोधताना बोटं अडखळणार नाहीत.

एआयची मदत कितपत चालते, हे शिक्षकांना आधीच विचारून घ्या. मित्राचा कोड घेऊन व्हेरिएबलची नावं बदलली की खपतं, हा भ्रम आहे: स्टॅनफर्डचं नक्कल पकडणारं 'मॉस' १९९४ पासून कोडची ठेवण ताडून बघतंय.

शेवटी, मदत मागायच्या मेलचा साचा तयार ठेवा: काय व्हायला हवं होतं, काय झालं, काय करून पाहिलं. एररचा मजकूर पूर्ण चिकटवा, स्क्रीनचा तिरका फोटो पाठवू नका.