कॉफीचं साधन घेण्याआधी दुधाचं ठरवा

आमच्याकडे कॉफी म्हणजे दुधात इन्स्टंट पावडर, भरपूर साखर आणि वर किसलेलं जायफळ. त्यात चव सगळी जायफळाची, हे कळायला मला माटुंग्यात, मुंबईतल्या दाक्षिणात्यांच्या वस्तीत, भाड्याने राहावं लागलं. तिथे दुकानदार पूड दळायच्या आधीच विचारतो, ‘चिकोरी किती?’ चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड.

आता घरात दोन भांड्यांचा स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर, शेगडीवर वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणारा मोका पॉट आणि भिजलेली पूड जाळीने खाली दाबायचा फ्रेंच प्रेस आहे. कोणतं घेऊ म्हणून कुणी विचारलं की मी विचारतो, दूध घालता का?

घालत असाल तर फिल्टर. खर्चही सगळ्यात कमी. 80-20 ची, म्हणजे वीस टक्के चिकोरीची पूड घ्या. चिकोरीमुळे डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, दाट उतरतं आणि दुधात हरवत नाही. वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पूड घालून चकतीने हलकेच दाबा. उकळतं पाणी आधी थोडंसंच ओता, पूड फुगली की बाकीचं. झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं विसरून जा. दाबलीच नाही तर पाणी भसकन खाली येतं. जास्त दाबलीत तर थेंब पडत नाही. मी एकदा रात्री लावलेला फिल्टर सकाळी तसाच भरलेला होता.

मोका पॉटच्या खालच्या भांड्यात पाणी वाफेच्या झडपेच्या खालीच ठेवा, पूड अजिबात दाबू नका. आच मंद. गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवा, नाहीतर जळकट लागते. बुड लहान असल्याने शेगडीवर डळमळतो, म्हणून मी खाली पापडाची जाळी ठेवतो.

बिनदुधाची पिणाऱ्यांनी प्रेस घ्यावा. 15 ग्रॅम पूड, 225 मिली पाणी, चार मिनिटं. दळण मात्र लापशी रव्याइतकं जाड हवं. मी त्यात माटुंग्याची बारीक पूड घातली होती. कपात निव्वळ चिखल.

चव ताडून बघायची तर बिया एकच ठेवा, चिकोरीशिवाय. आंबट आणि पाणचट लागली तर दळण बारीक करा, घशाशी कडू लागली तर जाड. दोन्ही एकदम बदललंत, दळणही आणि वेळही, तर काहीच कळणार नाही. आणि कप जरा निवू द्या; वाफाळत्या घोटात सगळ्या कॉफ्या सारख्याच.

मी रोज फिल्टर लावतो, प्रेस रविवारी. बायको माझ्या डिकॉक्शनवर अजून जायफळ किसते. गेल्या आठवड्यात तिच्या कपातला घोट घेतला. बरा होता.